टेकडीवरचं उपनगर: डॉलिस हिलच्या इतिहासाची प्रस्तावना

लंडन पाहायला आलेल्या मराठी माणसाची यादी साधारण ठरलेली असते. बकिंगहॅम पॅलेस, टॉवर ब्रिज, ब्रिटिश म्युझियम. सवड असेल तर हायगेटचं इंडिया हाऊस आणि किंग हेन्रीज रोडवरचं डॉ. आंबेडकरांचं घर. डॉलिस हिल या यादीत नसतं. तिथे येणारा मराठी माणूस बहुधा भाद्रपदात येतो, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला. दर्शन घेतो, ओळखीच्या चार जणांशी बोलतो, प्रसाद खातो आणि अंधार पडायच्या आत परत ट्यूब गाठतो. ज्या रस्त्यांवरून तो चालत जातो त्यांच्या आसपास इलेक्ट्रॉनिक संगणकांच्या कुळातलं आद्य म्हणावं असं यंत्र जन्माला आलं, चर्चिलचं युद्धमंत्रिमंडळ जमिनीखाली बसलं, मार्क ट्वेनने एक अख्खा उन्हाळा झाडांच्या सावलीत घालवला आणि साड्या नेसलेल्या गुजराती बायकांनी ब्रिटनची कामगार चळवळ जवळजवळ दोन वर्षं ढवळून काढली, याचा त्याला पत्ता नसतो. त्याला कशाला, तिथे जन्म काढलेल्या कित्येकांनाही नसतो.

याचं एक कारण इंग्रजांच्या स्वभावात आहे. इंग्रज माणूस उपनगरात राहतो, पण उपनगराची चेष्टा केल्याशिवाय त्याला राहवत नाही. डॉलिस हिलच्या शेजारचं निसडन हे तर 'प्रायव्हेट आय' या उपहासाच्या पाक्षिकाने वर्षानुवर्षं विनोदाचं गिऱ्हाईक करून ठेवलं. कंटाळवाणं, एकसुरी, जिथे कधी काही घडत नाही अशा जागेला नाव द्यायचं तर निसडन. या चेष्टेत थोडं तथ्य आहेच. एकसारखी घरं, एकसारखी कुंपणं, रविवारी दुपारी तर रस्त्यावर मांजरसुद्धा दिसत नाही. पण मला वाटतं, या निरसपणामुळेच इथे इतकं काही घडू शकलं. ज्या जागेकडे कोणी वळून पाहत नाही, तिथे सरकारला गुपितं लपवता येतात आणि परक्या मुलखातून आलेल्या माणसाला कोणाच्या डोळ्यांवर न येता बस्तान बसवता येतं. या पुस्तकात जे काही आहे ते या एका समजुतीभोवती गुंफलेलं आहे.

आधी जागा समजून घेऊ. डॉलिस हिल लंडनच्या वायव्येला, ब्रेंट या बरोमध्ये आहे. ब्रेंट हे नाव प्रशासनाच्या दृष्टीने नवं. १९६५ साली वेम्ब्ली आणि विल्सडन या दोन नगरपालिका एकत्र करून हा बरो झाला. त्याआधी हा सगळा भाग मिडलसेक्स परगण्यातल्या विल्सडनचा. डॉलिस हिलची हद्द कुठे सुरू होते आणि कुठे संपते यावर दोन शेजाऱ्यांचंही एकमत होणार नाही. पूर्वेला क्रिकलवुड, पश्चिमेला निसडन, दक्षिणेला विल्सडन ग्रीन, उत्तरेला नॉर्थ सर्क्युलर रस्त्याची घरघर. या सगळ्यांच्या मधली जी टेकडी उरते ती डॉलिस हिल. घर विकायचं असलं की दलाल तिची हद्द वाढवतात. तिच्या नावाचं ट्यूब स्टेशन टेकडीवर नाहीच, खाली उतारावर आहे. रुळांच्या मधोमध एकच फलाट, आणि खालच्या बोगद्यातून दोन्ही बाजूंना बाहेर पडायची सोय: एकीकडे बर्नली रोड, दुसरीकडे चॅप्टर रोड. ज्युबिली लाइनची गाडी इथे थांबते, मेट्रोपॉलिटन लाइनची धडधडत निघून जाते. चॅप्टर रोड हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

रेल्वेपूर्वीचा इतिहास मोठा आहे, पण घटनांनी फारसा भरलेला नाही. विल्सडनची जमीन मध्ययुगापासून लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या धर्माधिकाऱ्यांकडे होती. १०८६ सालच्या डूम्सडे बुकात तशी नोंद आहे. शेकडो वर्षं इथे शेती झाली, एकोणिसाव्या शतकात मुख्यतः गवताची. लंडनमधल्या हजारो घोड्यांना चारा लागे आणि तो मिडलसेक्सच्या चिकणमातीच्या कुरणांतून जाई. कोल्स ग्रीन रोडवर ऑक्सगेट फार्म नावाचं सोळाव्या शतकातलं लाकडी सांगाड्याचं शेतघर अजून उभं आहे, आजूबाजूला गोदामं आणि मोटारींची वर्दळ. शेत गेलं, घर तेवढं राहिलं.

१८२५ साली फिंच कुटुंबाने टेकडीच्या माथ्यावर एक पांढरं घर बांधलं: डॉलिस हिल हाऊस. ते काही राजवाडा वगैरे नव्हतं, पण तिथून लंडन दिसे आणि लंडनचा धूर मात्र तिथवर पोचत नसे. पुढे ते लॉर्ड अ‍ॅबरडीनकडे आलं आणि त्याचे पाहुणे म्हणून पंतप्रधान ग्लॅडस्टन १८८२ पासून अधूनमधून इथे येऊन राहू लागले. आयर्लंडला स्वराज्य द्यायच्या विधेयकापायी ज्याने आपला पक्ष फोडून घेतला, तो म्हातारा इथल्या हिरवळीवर विसावा घेई. याच टेकडीच्या पायथ्याशी पन्नास-साठ वर्षांनी आयरिश मजुरांची वस्ती होणार होती. १९०० च्या उन्हाळ्यात मार्क ट्वेन सहकुटुंब इथे राहिला आणि या घराच्या प्रेमातच पडला. आपण राहिलेल्या घरांपैकी स्वर्गाच्या सर्वांत जवळचं घर हेच, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं आहे. तोपर्यंत विल्सडनच्या नगरसंस्थेने घर आणि भोवतालची जमीन सार्वजनिक बागेसाठी विकत घेतलेली होती. १९०१ साली बाग खुली झाली. ग्लॅडस्टन त्याच्या तीन वर्षं आधी वारले होते, म्हणून तिचं नाव ग्लॅडस्टन पार्क.

या नावावरून अलीकडे वाद झाला. ग्लॅडस्टन यांच्या वडिलांचे वेस्ट इंडीजमध्ये मळे होते, त्यावर गुलाम राबत, आणि गुलामगिरी बंद झाली तेव्हा मालकांना सरकारने जी भरपाई दिली तिच्यातला फार मोठा वाटा त्यांना मिळाला. ज्या बरोमध्ये कॅरिबियन वंशाची एवढी कुटुंबं राहतात तिथे २०२० नंतर हा प्रश्न निघणारच होता. नाव बदललं नाही, पण बागेचा इतिहास आता पूर्वीपेक्षा अधिक पुरेपणाने सांगितला जातो. घराची गत मात्र वाईट झाली. पहिल्या महायुद्धात ते रुग्णालय होतं. मग उपाहारगृह, वर्ग, काय काय. १९९० च्या दशकात त्याला पुन्हा पुन्हा आगी लागल्या. वाचवण्यासाठी स्थानिकांनी बरीच वर्षं धडपड केली, पैसे जमता जमता अडले, आणि २०१२ साली ते पाडलं. आता त्याच्या जागी जोत्याच्या आकाराची खूण आहे. ट्वेनच्या आवडीचं घर एका श्रीमंत शहराला सांभाळता आलं नाही, याचं मला नवल वाटत नाही, राग मात्र येतो.

खरं उपनगर आलं ते रेल्वेबरोबर. मेट्रोपॉलिटन रेल्वेचं विल्सडन ग्रीन स्टेशन १८७९ चं, निसडनचं १८८० चं. डॉलिस हिल बरंच उशिरा, १९०९ साली. निसडनला कंपनीने आपला कारखाना आणि कामगारांसाठी घरांच्या ओळी उभ्या केल्या. विल्सडनची लोकसंख्या १८८१ साली सत्तावीस हजारांच्या आसपास होती, १९०१ साली ती १ लाख १४ हजारांच्या वर गेली. मेट्रोपॉलिटन कंपनी इतर रेल्वे कंपन्यांहून धोरणी होती. रुळांसाठी घेतलेल्या जमिनीतली जी उरली ती इतरांना विकून टाकावी लागे. हिने ती राखली, तिच्यावर घरं बांधली आणि घरातल्या माणसांना रोज सकाळी आपलंच तिकीट काढायला लावलं. १९१५ पासून ती दरवर्षी 'मेट्रो-लँड' नावाची जाहिरातीची पुस्तिका काढू लागली. गुलाब, कौलं, शुद्ध हवा आणि शहरात अर्ध्या तासात. आजच्या बिल्डरांच्या जाहिराती पाहिल्या की वाटतं, शंभर वर्षांत शब्दसुद्धा फारसे बदललेले नाहीत.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात टेकडी घरांनी भरली. त्या घरांकडे जरा थांबून पाहिलं पाहिजे, कारण पुढची सगळी माणसं याच घरांत राहणार आहेत. घर एकटं नसतं. एका सामायिक भिंतीला दोन्हीकडून टेकलेली दोन घरं, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. 'सेमी-डिटॅच्ड' म्हणतात ते हेच. बोलताना नुसतं 'सेमी'. समोर रस्त्याच्या बाजूला पुढे आलेली अर्धगोल खिडकी, तिच्या वर तिकोनी कपाळपट्टी आणि त्यावर ठोकलेल्या काळ्या लाकडी पट्ट्या. त्या पट्ट्या काही पेलत नाहीत. ट्यूडर काळातल्या लाकडी सांगाड्याची ती नुसती नक्कल, आपण कामगारांच्या चाळीत राहत नाही हे जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगणारी. दारात रंगीत काचेचा एखादा तुकडा: उगवता सूर्य, नाहीतर गलबत. आत खाली दोन खोल्या आणि मागे छोटं स्वयंपाकघर, वर दोन मोठ्या निजायच्या खोल्या आणि एक इतकी लहान की तिच्यात पलंग टाकला तर कपाट बाहेर ठेवावं लागतं. मागे लांबट बाग. गृहकर्ज देणाऱ्या संस्थांनी हप्ते सोपे केले आणि कारकून, शिक्षक, टपालखात्यातले नोकर असल्या पगारदार माणसांना पहिल्यांदाच स्वतःचं घर घेता आलं. भाडेकरू मालक झाला. या घटनेचं महत्त्व कवींना कळलं नाही तरी पगारदाराला बरोबर कळलं होतं.

आज त्याच घरांकडे पाहिलं तर दर पिढीने त्यांच्यावर काय केलं ते वाचता येतं. समोरच्या बागेतले गुलाब जाऊन मोटारीसाठी फरशी आली. खालच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक लांब दिवाणखाना झाला, कारण आलेल्या कुटुंबांत पाहुणे दोन नसतात, वीस असतात. मागे स्वयंपाकघर वाढवलं, माळ्यावर खोली चढवली, सर्वांत लहान खोलीत देवघर झालं. दारातला काचेचा सूर्य मात्र बहुतेकांनी ठेवला.

आता टेकडीवरची विटांची मोठी इमारत. टपाल खात्याचं संशोधन केंद्र १९२१ साली इथे लाकडी झोपड्यांमध्ये सुरू झालं. मुख्य इमारतीचं उद्घाटन १९३३ साली पंतप्रधान रॅम्झी मॅक्डोनल्ड यांनी केलं. ब्रिटनमध्ये टेलिफोन टपाल खात्याकडे होता, त्यामुळे तारा, विवर्धक, स्वयंचलित एक्स्चेंज या सगळ्याचं संशोधन या टेकडीवर चाले. १९३६ साली फोनवरून वेळ सांगणारं बोलतं घड्याळ सुरू झालं ते इथलंच. एका टेलिफोन ऑपरेटर बाईचा आवाज काचेच्या तबकड्यांवर नोंदवला होता आणि नंबर फिरवला की तीच बाई दिवसरात्र न थकता वेळ सांगे. पुढे १९५७ साली प्रीमियम बाँडचे विजेते काढणारं 'अर्नी' हे यंत्रही इथेच तयार झालं. निऑन नळ्यांमधल्या विजेच्या बेभरवशी खळखळीतून ते आकडे काढी. सरकारी लॉटरीला शिस्त लावायला सरकारने मुद्दाम बेशिस्त यंत्र बनवून घेतलं, ही गंमत मला फार आवडते.

पण या इमारतीचं मोठं काम १९४३ चं. टॉमी फ्लॉवर्स हा पूर्व लंडनमधल्या पॉप्लरच्या एका गवंड्याचा मुलगा. १९२६ साली टपाल खात्यात लागला, १९३० पासून डॉलिस हिलला. स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंजमध्ये यांत्रिक रिलेऐवजी काचेचे व्हॉल्व्ह वापरता येतील का, यावर तो काम करत होता. त्याच सुमारास ब्लेचली पार्कमध्ये जर्मन सेनापतींच्या आपसातल्या संदेशांची गुप्तलिपी फोडायची खटपट चालू होती. ही लिपी एनिग्मा नव्हे. तिच्याहून अवघड, लॉरेन्झ यंत्राची. ती फोडण्यासाठी कागदी फितीवर टिपलेले लाखो वर्ण पुन्हा पुन्हा ताडून पाहावे लागत. फ्लॉवर्सने सुचवलं, दीड हजारांहून अधिक व्हॉल्व्ह असलेलं इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधू. ब्लेचलीतल्या बहुतेकांना हे वेडेपण वाटलं, कारण व्हॉल्व्ह सारखे जळतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. फ्लॉवर्सला एक्स्चेंजच्या अनुभवावरून एक गोष्ट अधिक ठाऊक होती: व्हॉल्व्ह जळतात ते चालू-बंद करताना. एकदा चालू केले आणि चालूच ठेवले तर ते टिकतात.

त्याने आणि त्याच्या माणसांनी सुमारे अकरा महिन्यांत यंत्र उभं केलं, सुटं करून ब्लेचलीला नेलं, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये 'कोलॉसस' कामाला लागलं. सेकंदाला पाच हजार वर्ण ते वाचे. जास्त ताकदीचं दुसरं यंत्र १ जून १९४४ रोजी सुरू झालं. पाच दिवसांनी दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रं होती. मग हुकूम आला: बहुतेक यंत्रं मोडा, कागद जाळा. फ्लॉवर्सने सगळे आराखडे डॉलिस हिलच्या बॉयलरमध्ये घातले. सरकारने त्याला बक्षीस म्हणून हजार पौंड दिले, ते त्याने सहकाऱ्यांत वाटले. पुढे त्याने संगणक बांधायला बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागितलं तर असलं यंत्र चालणारच नाही म्हणून त्याला नकार मिळाला, असं सांगतात. आणि आपण ते चालवून दाखवलं आहे हे बोलायची त्याला मुभा नव्हती. १९७० च्या दशकापर्यंत हे सगळं गुपित राहिलं. तोवर शेजाऱ्यांच्या लेखी ती 'पोस्टाची इमारत' होती. संशोधन केंद्र १९७० च्या दशकात सफोकला हललं, इमारतीत आता फ्लॅट आहेत आणि बाजूच्या एका गल्लीला फ्लॉवर्स क्लोज असं नाव आहे. गल्ली तशी लहानच.

याच आवाराखाली दुसरं गुपित होतं. लंडनमधली मंत्रिमंडळाची मुख्य तळघरं बाँबखाली सापडलीच तर पर्याय हवा म्हणून ब्रुक रोडला जमिनीखाली दोन मजली आसरा खोदला, सांकेतिक नाव 'पॅडॉक'. ३ ऑक्टोबर १९४० रोजी युद्धमंत्रिमंडळाची बैठक इथे भरली. चर्चिलला जागा पसंत पडली नाही, आणि तिचा उपयोग जवळजवळ झाला नाही असंच म्हणायचं. ओल, अंधार, आणि मंत्र्यांना राहायला आसपासचे उपनगरी फ्लॅट. बैठकीच्या दिवशी वर घरोघर चहा चालू असणार. खाली कोण बसलं आहे हे कोणाला माहीत?

आता माणसं. डॉलिस हिलला कोणी 'मूळचे' रहिवासी शोधू लागलं तर त्याच्या हाती फारसं काही लागणार नाही. १९३० च्या दशकात पूर्व लंडनमधून ज्यू कुटुंबं आली. त्यांनी पार्कसाइडला सिनेगॉग बांधलं, १९३८ च्या सुमारास पुरं झालेलं. रचनाकार ओवेन विल्यम्स, ज्यांनी वेम्ब्लीचा एम्पायर पूल बांधला तेच. घडीच्या कागदासारख्या दुमडलेल्या काँक्रीटच्या भिंती. आत एकही खांब नाही. पुढे ती कुटुंबं आणखी बाहेरच्या उपनगरांकडे सरकली आणि इमारत ज्यू मुलांच्या शाळेकडे गेली. युद्धानंतर आयरिश आले. क्रिकलवुडच्या 'क्राउन' या पबसमोर पहाटे मजूर उभे राहत, मुकादम गाडी घेऊन येई, बोट दाखवी ते चढत, बाकीचे मागे फिरत. लंडनचे रस्ते, बोगदे आणि इमारती यांतला केवढा तरी भाग या फुटपाथवरून भरती झालेल्या हातांनी उचलला आहे. शनिवारी रात्री हेच लोक इस्त्रीचे कपडे घालून १९५२ साली सुरू झालेल्या गॅल्टीमोर या नाचघरात जात. कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबं विल्सडन, हार्ल्सडनमध्ये स्थिरावली. जमैकन संगीत ब्रिटनच्या घराघरांत नेणाऱ्या ट्रोजन रेकॉर्ड्सचं कार्यालय निसडन लेनला होतं. आणि मग १९६० चं दशक संपता संपता केनिया, टांझानिया, युगांडा इथून भारतीय वंशाची माणसं आली, बहुतेक गुजराती.

यांच्यातली एक जयाबेन देसाई. गुजरातेत जन्म, लग्नानंतर टांगानिका, तिथून लंडन. बांधा लहानखुरा, पण वाचा तिखट. ग्रनविक या फिल्म धुणाऱ्या कंपनीत त्या कामाला होत्या. तेव्हा लोक कॅमेऱ्याचा रोल पाकिटात घालून टपालाने पाठवत आणि फोटो टपालानेच परत येत. उन्हाळा म्हणजे कामाचा डोंगर. कंपनीतल्या बऱ्याचशा बायका पूर्व आफ्रिकेतून आलेल्या होत्या. तिकडे ज्यांच्या घरी नोकरचाकर असत त्यांना इथे बाथरूमला जायलाही विचारावं लागे आणि ऐन वेळी सांगितलेला ओव्हरटाइम मुकाट्याने करावा लागे. २० ऑगस्ट १९७६ रोजी जयाबेन मॅनेजरला चार शब्द सुनावून आपल्या मुलासह बाहेर पडल्या. थोड्याच दिवसांत शंभराहून अधिक कामगार बाहेर होते. मागणी पगाराची नव्हती; आम्हाला युनियन हवी, एवढीच होती.

कंपनीचं एक ठिकाण चॅप्टर रोडला, म्हणजे डॉलिस हिल स्टेशनातून बाहेर पडल्यावर पुढ्यातच. पुढची जवळजवळ दोन वर्षं या अरुंद रस्त्यावर जे झालं ते समजायला रस्ता स्वतः पाहावा लागतो. दोन्हीकडे छोटी जोडघरं, खिडक्यांना जाळीचे पडदे. तिथे जून १९७७ मध्ये रोज पहाटे शेकडो, मग हजारो माणसं उभी; पोलिसांची साखळी; आत काम करणाऱ्यांना घेऊन येणारी बस. क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी कंपनीची डाक हाताळायला नकार दिला, आणि टपालावर जगणाऱ्या धंद्याचा गळा तिथेच होता. ११ जुलैला यॉर्कशरचे खाणकामगार आर्थर स्कारगिल यांच्यामागे आले. त्या दिवशी वीस हजारांच्या आसपास लोक असल्याचं सांगतात. नऊ वर्षांपूर्वी याच देशात गोदी कामगारांनी बाहेरून येणाऱ्या लोकांविरुद्ध मोर्चे काढलेले. आता गोरे खाणकामगार साडी-कार्डिगनमधल्या बायकांच्या मागे उभे होते.

संप हरला. सरकारने नेमलेल्या स्कारमन चौकशीने कामगारांना परत घ्या म्हणून शिफारस केली, मालकाने मानली नाही. कोर्टात निकाल मालकाच्या बाजूने गेला. कामगार संघटनांच्या शिखर संस्थेने हळूहळू हात काढून घेतला, तेव्हा जयाबेन आणि काही सहकारी त्या संस्थेच्याच दारात उपोषणाला बसल्या. १४ जुलै १९७८ रोजी संप मागे घेतला. हरलेल्या लढ्याला विजयाचा मुलामा द्यायची आपल्याकडे सवय आहे. मी तो दिलेला नाही. पण 'आशियाई बाई म्हणजे गरीब गाय' ही समजूत चॅप्टर रोडवर मोडली, हेही खरं. २०१७ साली संपाची आठवण सांगणारी भित्तिचित्रं या परिसरात लागली.

इथून पुढचा इतिहास रस्त्यापेक्षा हॉलमध्ये घडलेला आहे. १९९५ साली निसडनला स्वामीनारायण मंदिर उभं राहिलं. बल्गेरियाचा चुनखडक आणि इटलीचा संगमरवर आधी भारतात नेला, तिथे दीड हजारांवर कारागिरांनी घडवला आणि सव्वीस हजारांहून अधिक सुटे तुकडे जहाजाने लंडनला आणून जोडले. ज्या निसडनला कोणी हसल्याशिवाय नाव घेत नसे, तिथे आता पर्यटकांच्या बस येतात. मंदिर दिपवणारं आहे, पण सामूहिक जीवन पाहायचं तर मला साध्या हॉलमध्ये अधिक दिसतं. महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ साली न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने झाली. ते गोलमेज परिषदेसाठी लंडनला आले होते. आज मंडळाची स्वतःची वास्तू डॉलिस हिल लेनवर आहे. गणपतीत दारापाशी बुटांचा ढीग, कोटांचा ढीग, आत लेझीमच्या पथकातल्या मुली इंग्रजीत भांडत मराठीत मोजताहेत, आणि स्वयंपाकघरात खिचडीच्या पातेल्याशी उभ्या काकू कोणालाच पळी देत नाहीत. कार्यक्रम संपला की खुर्च्या कोण रचणार यावर दरवर्षी तीच चर्चा होते आणि दरवर्षी तीच चार माणसं खुर्च्या रचतात.

हॉलची किल्ली ज्याच्याकडे असते, तो माणूस मला उपनगराच्या इतिहासात ग्लॅडस्टनइतकाच महत्त्वाचा वाटतो. हे किती खरं आहे ते सार्वजनिक वाचनालयांच्या बाबतीत दिसलं. २०११ साली ब्रेंट कौन्सिलने बारापैकी सहा वाचनालयं बंद केली, त्यात निसडनचं आणि केन्सल राइजचंही. केन्सल राइजचं वाचनालय १९०० साली मार्क ट्वेनने उघडलेलं, डॉलिस हिलला राहत असताना. बंद पडलेल्या इमारतीतली पुस्तकं कौन्सिलने २०१२ साली रात्रीच्या अंधारात उचलून नेली, पण शेजाऱ्यांनी पिच्छा सोडला नाही आणि काही वर्षांनी स्वयंसेवकांनी चालवलेलं वाचनालय तिथे पुन्हा सुरू झालं. निसडनला तसं झालं नाही. तिथे लोकांचं वाचनावर प्रेम कमी होतं असं मुळीच नाही. केन्सल राइजला वकील, लेखक आणि पत्रकार जास्त राहत. शेजार म्हणजे नुसता जिव्हाळा नव्हे. अर्ज कसा लिहायचा हे ठाऊक असणारी माणसं गल्लीत किती, यावरही बरंच ठरतं.

विल्सडनमध्ये जन्मलेल्या झेडी स्मिथच्या कादंबऱ्यांनी हा मुलूख साहित्यात नेला, त्यामुळे बाहेरच्यांना तो थोडाफार ओळखीचा झाला आहे. तिने जे कल्पनेने उभं केलं त्याच्याशी स्पर्धा करायचा या पुस्तकाचा विचार नाही. इथे तारखा आहेत, इमारती आहेत, संस्थांच्या वाटचाली आहेत, आणि शेजाऱ्यांनी सांगितलेल्या आठवणी त्यांची नावं न देता घेतल्या आहेत. अलीकडे आलेल्या सोमाली, ब्राझिलियन, रोमेनियन कुटुंबांबद्दल पुस्तकात कमी आहे. त्यांचे हॉल अजून भाड्याचे आहेत, दर आठवड्याला बदलतात, आणि जे रोज बदलतं त्याचा इतिहास लिहायची घाई करू नये असं मला वाटलं. ब्रेंटच्या निम्म्याहून अधिक लोकांचा जन्म परदेशातला आहे. तेव्हा हे काम पुढे कोणीतरी, बहुधा त्यांच्यापैकीच कोणीतरी, करील.

प्रकरणं कालक्रमाने लावलेली नाहीत, चालण्याच्या क्रमाने लावली आहेत. सुरुवात स्टेशनपासून, चॅप्टर रोडच्या बाजूने. तिथून ग्लॅडस्टन पार्क. बागेतून जाणाऱ्या मालगाडीच्या रुळावरचा पूल ओलांडून चढ चढलं की घराच्या जोत्याची खूण. पुढे डॉलिस हिल लेन, पार्कसाइडचं सिनेगॉग, ब्रुक रोडची पोस्टाची इमारत, आणि शेवटी उतरून कोल्स ग्रीन रोडला ऑक्सगेट फार्म. निसडनचं मंदिर या वाटेवर नाही. तिथे वेगळं जावं आणि काढायला सोपे बूट घालावेत. पॅडॉक मात्र वर्षातून मोजकेच दिवस उघडतं. त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं, आत पाणी साचलेलं असतं, आणि सोबत नेणारे स्वयंसेवक प्रश्नांना भरभरून उत्तरं देतात, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ जरा सैल ठेवावी.